शर्यत कोणासाठी?

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेला रस्ता राजूर घाट उतरून मोताळ्याला येतो. नळगंगेच्या खोऱ्यातले हे तालुक्याचे गाव; भोवताली कपाशीची आणि सोयाबीनची शेते. पहाटे नीट फटफटलेलेही नसते, तेव्हा ह्या रस्त्याच्या कडेने तरुण मुलेमुली धावताना दिसतात. कोणाच्या पायात स्वतःचे बूट असतात, कोणाच्या पायात थोरल्या भावाचे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सेकंदांच्या हिशेबाने गुण मिळतात आणि त्या गुणांवर एखाद्या घराचे पुढचे दिवस ठरतात. त्यामुळे इथे धावणे हा कोणाला छंद वाटत नाही.

काही दिवस आमचा मुक्काम मोताळ्यात होता. अमरावती धर्मप्रांताच्या ह्या भागात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली आहेत. एका घरी सायंप्रार्थनेनंतर आठदहा तरुण मंडळी थांबली आणि यजमानांनी आम्हास चार शब्द बोलण्याची विनंती केली. पहाटेचे दृश्य डोळ्यांपुढे होते, म्हणून आम्ही खेळाडूच्या उदाहरणाने ख्रिस्ती जीवनाचा धडा सांगू लागलो. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील शर्यतीचा दाखला दिला आणि त्याला जोड म्हणून ह्याच जिल्ह्याच्या लेकीची, लता भगवान करे यांची कथा सांगितली. शरीरावर ताबा, चिकाटी आणि शेवटी बक्षीस असे तीन मुद्दे आम्ही मांडले. बोलणे बरे झाले असे आमचे आम्हालाच वाटत होते. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, “पण काका, त्या चवथ्या आल्या असत्या तं? तुम्ही त्यांचं नाव घेतलं असतं का?”

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ती मुलगी पहाटे धावणाऱ्यांपैकीच होती, हे आम्हास नंतर कळले. तिचा प्रश्न मात्र परतीच्या प्रवासात आमच्यासोबत आला. खेळाडूच्या जीवनातून ख्रिस्ती माणसाने काय शिकावे, ह्यावर आपल्या प्रवचनांत, युवाशिबिरांत आणि नियतकालिकांच्या पानांवर पुष्कळ बोलले व लिहिले जाते. आम्हीही लिहिले आहे. ह्या सगळ्या बोधपर वाङ्मयाला लागू पडणारी सर्वांत नेमकी टीका त्या मुलीने एका वाक्यात केली होती. प्रस्तुत लेखात आम्ही तीच टीका थोडी विस्ताराने मांडत आहोत, आणि तिचा पहिला रोख अर्थातच आमच्यावर आहे.

प्रथम लता करे यांची हकिगत. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ह्या बाई पोटापाण्यासाठी कुटुंबासह बारामतीजवळच्या पिंपळी गावी जाऊन राहिल्या. नवराबायको दोघेही मोलमजुरी करणारे. पुढे पती भगवान करे आजारी पडले आणि तपासण्यांचा खर्च हाताबाहेर गेला. तेव्हा, म्हणजे २०१३ च्या सुमारास, बारामतीत होणाऱ्या मॅरेथॉनच्या ज्येष्ठांच्या गटात त्यांनी नाव दिले. बक्षिसाच्या रकमेतून उपचाराला हातभार लागेल, एवढाच त्यामागचा विचार. साठी ओलांडलेल्या ह्या बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. ह्या हकिगतीवर नवीन देशबोइना ह्या दिग्दर्शकाने ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट केला. तो जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात लताबाईंची भूमिका स्वतः लताबाईंनीच केली आणि मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या नावाचा विशेष उल्लेख झाला.

चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा इथे आम्ही करीत नाही. त्यातील एकच गोष्ट आम्हास विचारात पाडते. एरवी खेळाडूवरचा चित्रपट म्हटला की एखादा देखणा नट महिनोन् महिने व्यायाम करून खेळाडूचे शरीर कमावतो आणि प्रेक्षक त्या कमावलेल्या शरीरावर भाळतो. इथे तसा नट नाही. जिने ते दुःख सोसले तिलाच ते कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे करावे लागले. पडद्यावरचे शरीर शेतमजुरीने घडलेले आहे. त्याची तयारी कोण्या प्रशिक्षकाने करून घेतलेली नाही. म्हणून त्या धावण्याचे कौतुक करताना थोडी लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. नट दमतो तेव्हा आपण त्याच्या अभिनयाला दाद देतो. आजारी नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांसाठी एक म्हातारी बाई दमते, तेव्हा नुसती दाद देऊन आपली सुटका होत नाही.

परंतु आमच्या बोधपर वाङ्मयाने आपली सुटका करून घेतली आहे. लताबाईंच्या कथेतून आम्ही ‘जिद्द’ तेवढी उचलतो. जिद्द असेल तर मनुष्य काहीही करू शकतो, असे सांगतो आणि श्रोते टाळ्या वाजवतात. ह्या बोधात असत्य काही नाही. शरीराला वळण लावावे लागते, आळसावर मात करावी लागते, सुरू केलेले तडीस न्यावे लागते. प्रार्थनेच्या जीवनालाही हे सारे लागू आहे. रोज पहाटे उठून धावणाऱ्या मुलीला उपवासकाळाचा अर्थ आमच्यापेक्षा लवकर कळेल. आमची तक्रार एवढीच, की कथेचा जो भाग आम्हाला सोयीचा तेवढाच आम्ही घेतला. ही बाई का धावली, आणि तिच्यावर धावण्याची पाळी का आली, हे दोन प्रश्न आम्ही रस्त्याच्या कडेलाच सोडून दिले.

संत पौलाच्या बाबतीतही आम्ही हेच केले आहे. करिंथ शहराजवळ इस्थमस येथे दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला पानांचा मुगुट मिळे. लवकरच सुकून जाणारा. पौलाने करिंथमध्ये दीड वर्ष राहून तंबू बनवण्याच्या कामावर उदरनिर्वाह केला, त्यामुळे धावपटू आणि मुष्टियोद्धे यांची भाषा त्याच्या वाचकांना जवळची आहे हे तो जाणून होता. त्या पत्राच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस शर्यतीचा दाखला येतो. प्रवचनात आम्ही तेवढीच चार वचने वाचतो. त्याआधी काय आहे? आठव्या अध्यायात पौल सांगतो, की माझ्या खाण्याने दुबळ्या भावाची श्रद्धा डळमळत असेल तर मी मांसाला कधी शिवणार नाही. नवव्या अध्यायात तो आपल्या हक्कांची यादी देतो. ख्रिस्तसभेने आपला चरितार्थ चालवावा हा त्याचा हक्क होता. तो त्याने वापरला नाही. दुबळ्यांसाठी आपण दुबळे झालो, असे तो सांगतो. आणि एवढे सांगून झाल्यावर तो शर्यतीचा विषय काढतो.

म्हणजे ज्या आत्मसंयमनाचे पौल गुणगान करतो, त्याला स्वतःला बलवान करण्याचा हव्यास चिकटलेला नाही. दुसऱ्यासाठी हक्क सोडताना शरीर कुरकुरते, म्हणून त्या शरीराला तो ताब्यात ठेवतो. आधीची वचने गाळून शर्यतीची तेवढी वाचली, तर पौल आजच्या कोणत्याही यशोमंत्र शिकवणाऱ्या वक्त्यासारखा वाटू लागतो. ती जोडून वाचली, तर तो लताबाईंच्या शेजारून धावताना दिसतो. त्या दोघांची शर्यत एकाच जातीची आहे.

शुभवर्तमानात धावणारे आणखीही आहेत. पुनरुत्थानाच्या पहाटे पेत्र आणि दुसरा शिष्य कबरीकडे धावत सुटतात. दुसरा शिष्य अधिक वेगाने धावतो, आधी पोहोचतो, पण आत जात नाही. मागून येणाऱ्या पेत्राला आधी आत जाऊ देतो. जिंकूनही वाट पाहणारा असा धावपटू क्रीडांगणावर क्वचितच सापडेल. पण आम्हास सर्वांत जवळचा वाटतो तो संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील म्हातारा बाप. उधळ्या पुत्राला दुरून येताना पाहून तो धावत जातो. त्या काळच्या समाजात वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थाने अंगरखा सावरीत भर रस्त्यावरून धावणे शोभत नसे. आपल्याकडे तरी कुठे शोभते? साठीच्या बाईने लुगड्याचा काष्टा आवळून शेकडो लोकांसमोर धावावे, हे गावच्या नजरेला सहज पचणारे नव्हते. बापाने मानमरातब पाहिला नाही, लताबाईंनी लोकलाज पाहिली नाही. दोघांच्याही धावेला एक माणूस कारण होता. येशूने देवपित्याचे जे चित्र रेखाटले आहे त्यात देव धावतो, आणि बक्षिसासाठी धावत नाही, ही गोष्ट आमच्या युवाशिबिरांत खेळाचे दाखले देताना फारशी ऐकू येत नाही.

खेळाडूच्या चरित्रातून बोध घेताना कथा अंतिम रेषेवरच थांबवली तर काय हरवते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. स्कॉटलंडचा एरिक लिडेल हा प्रॉटेस्टंट धावपटू ख्रिस्ती जगात आदर्श मानला जातो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. प्रभूचा दिवस पाळायचा म्हणून त्याने त्या शर्यतीतून माघार घेतली आणि पुढे चारशे मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळवले. १९८१ साली आलेल्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ ह्या चित्रपटाने ही कथा जगभर पोचवली. चित्रपटात जहाजावर चढण्याच्या सुमारास त्याला रविवारची बातमी कळते. प्रत्यक्षात ती त्याला कित्येक महिने आधी ठाऊक होती आणि त्याने शांतपणे चारशे मीटरची तयारी केली होती. नाट्यासाठी एवढी मोकळीक चित्रपटाला आपण देऊ. पण चित्रपट १९२४ मध्येच थांबतो आणि पुढचे आयुष्य शेवटच्या अक्षरांत उरकतो.

ते पुढचे आयुष्यच आमच्या मते धड्याचा गाभा होय. १९२५ मध्ये लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेला. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इतर परदेशी नागरिकांसह वेइशिएन येथील छावणीत डांबले आणि तिथेच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, मेंदूतील गाठीने तो मरण पावला. छावणीत आईवडिलांपासून तुटलेली कित्येक मुले होती. त्यांना तो शिकवी, त्यांचे खेळ घेई. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा नियम कायम होता. एकदा मुलांनी रविवारी आपणहून हॉकी खेळायला घेतली आणि पंच नसल्याने खेळ मारामारीवर गेला. त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानावर उतरला, असे त्याच्या छावणीतील सोबत्यांनी सांगून ठेवले आहे. ज्या नियमासाठी त्याने ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तो नियम त्याने भांडणाऱ्या पोरांसाठी सोडला. शब्बाथ मनुष्यासाठी आहे ही येशूची शिकवण त्याला इथे पुरती उमगली होती असे आम्ही म्हणू. पॅरिसच्या लिडेलवर प्रवचने पुष्कळ झाली. छावणीतल्या लिडेलवर थोडी झाली. छावणीत पदके नव्हती, म्हणून असेल.

आता दुसरा प्रश्न: ती का धावली ह्याबरोबरच, तिला एकटीला का धावावे लागले? खेळाडूचे उदाहरण आपण नेहमी धावणाऱ्याच्या बाजूने सांगतो. शर्यतीला मात्र रस्त्याची कडही असते आणि आपल्यातील बहुतेकजण आयुष्यभर तिथेच उभे असतात. व्हॅटिकनच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवन ह्या विषयांच्या विभागाने १ जून २०१८ रोजी खेळाविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात शरीराची अवहेलना, उत्तेजक द्रव्ये आणि भ्रष्टाचार यांच्याबरोबर प्रेक्षकांचाही विचार खेळापुढील आव्हानांत केलेला आहे. पाहणाऱ्यावरही जबाबदारी असते, हे त्यामागचे सूत्र. लताबाईंच्या कथेत ते अधिकच खरे ठरते. टाळी वाजवणाऱ्या हातांतून पैसे आणि श्रम आधीच पुढे झाले असते, तर ती शर्यत कदाचित भरलीच नसती. निदान तिच्या पायांत वहाणा तरी असत्या.

रस्त्याच्या कडेने काय करता येते, ह्याचा दाखला महाराष्ट्राच्याच क्रीडा-इतिहासात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या खेळून ते ऋण फेडले. आपण खाशाबांचा पुतळा पाहतो, त्यांचा पट आठवतो. घर गहाण टाकणारा प्राचार्य मात्र कोणाच्या प्रवचनात येत नाही. आमच्या दृष्टीने ख्रिस्ती जीवनाला लागणारा अर्धा धडा त्या गहाणखतात आहे. कालवरीच्या वाटेवर येशूलाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला. क्रुसाची वाट करताना आपण पाचव्या स्थानापाशी गुडघे टेकतो, उठतो आणि पुढे सरकतो. शेजारच्या आळीतल्या आजाऱ्याच्या दाराशी तेच स्थान आहे हे विसरतो.

कोणी म्हणेल, हे फार झाले. प्रेरणा देणारी गोष्ट प्रेरणेपुरती घ्यावी, तिच्यावर समाजाच्या पापांचा भार कशाला? ह्या आक्षेपात तथ्य आहे. लताबाई दयेच्या विषय नव्हेत. त्या स्वतःच्या पायांनी धावल्या आणि जिंकल्या, तो मान त्यांचा आहे. त्यांना केवळ परिस्थितीची बळी ठरवणे हादेखील एक प्रकारचा अपमान होईल. पण मान देणे आणि मान देऊन मोकळे होणे ह्यांत अंतर आहे. संत याकोबाने आपल्या पत्रात उघड्या व उपाशी बंधुभगिनींना नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांना फटकारले आहे. आजच्या भाषेत त्या शुभेच्छांना ‘प्रेरणादायी’ हे विशेषण लागले आहे, इतकेच.

मग खेळाडूकडून काय घ्यावे? आम्हास तीन गोष्टी सुचतात. पहिली, शिस्त अवश्य घ्यावी, पण ती कोणाच्या कामी येणार हे आधी ठरवावे. उपवासकाळात आपण जेवण सोडतो तेव्हा वाचलेले ताट कोणाकडे गेले, हा प्रश्न त्या शिस्तीचा कस लावतो. दुसरी, धर्मग्रामात कोण एकटे धावत आहे ह्याची नोंद असावी. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरिबांच्या घरी जोडीने भेटी देतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही रीत आजही जुनी झालेली नाही. दवाखान्याचे कागद भरून देणे, सरकारी योजनेसाठी खेटे घालणे, रात्री आजाऱ्यापाशी बसणे, ही कामे आमच्या युवकांनी घेतली तर त्यांच्या पायांतील बळाला वाट मिळेल. तिसरी, आमच्या लेखकांनी आणि वक्त्यांनी केवळ पहिल्या आलेल्यांचीच नावे घेण्याची सवय सोडावी. क्रुसावरचा प्रभू कोणत्याही गुणफलकावर पहिला आलेला नव्हता.

लताबाईंच्या कथेचा शेवट चित्रपटात नाही. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भगवान करे यांचे निधन झाले. ज्यांच्यासाठी त्या धावल्या ते गेले. बक्षिसाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हे अपयश वाटेल. सगळी धाव फुकट गेली असे तो म्हणेल. प्रवचनकाराला तर ही बातमी अडचणीचीच, कारण तिने कथेचा गोड शेवट मोडतो. आम्हास मात्र वाटते की ह्याच बातमीने ती धाव तिच्या खऱ्या मोलाला आली. प्रीती म्हणजे निकालाची हमी नव्हे. ज्याच्यासाठी धावायचे तो कायमचा राहणार नाही हे ठाऊक असूनही धावणे, ह्याला आपण श्रद्धेच्या भाषेत दुसरे नाव शोधण्याची गरज नाही. पौलाने न सुकणारा मुगुट म्हटला, तो बहुधा असल्याच धावेवर ठेवला जात असावा.

त्या मुलीला द्यायचे उत्तर आम्हास उशिरा सुचले. होय, लताबाई चौथ्या आल्या असत्या तर आम्ही त्यांचे नाव घेतले नसते. आम्हाला ते कळलेच नसते. दोष आमच्या पाहण्याचा आहे. पण अंतिम रेषेपाशी न थांबता वाटेवर उभा असलेला एकजण आहे, आणि चौथ्या, चाळिसाव्या, दमून खाली बसलेल्या प्रत्येकाचे नाव त्याला ठाऊक असते. बाई, तू भरतीत निवडली गेलीस तर आम्हास आनंद होईल. न निवडली गेलीस, तर त्या दिवशी तुझ्या घरी कोण येते त्यावरून आमच्या ख्रिस्तीपणाची परीक्षा होईल. तुझी शर्यत ८०० मीटरची आहे. आमची त्याहून लांब आहे, आणि ती अजून आम्ही सुरूही केलेली नाही.